कालव्यांवर फिरायला बोट बांधायची आहे, आराखडा बघून सल्ला द्या (नेदरलँड्स ते दक्षिण फ्रान्स)

पाणवठा

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं गेली एकोणीस वर्षं नेदरलँड्समध्ये आहोत, पासपोर्टही इथलेच. दोन वर्षांनी मी निवृत्त होणार. मुलगी नोकरीला लागली आहे. त्यानंतर एप्रिल ते ऑक्टोबर बोटीवर आणि थंडीत घरी, असा बेत आहे. बेल्जियममार्गे फ्रान्स, बरगंडी, आणि जमलं तर दक्षिणेतल्या कनाल द्यू मिदी या कालव्यापर्यंत.

जुनी बोट घ्यायची नाही, नवीन बांधायची. पोलादी हल (बोटीचा बाहेरचा सांगाडा) बोटी बांधणाऱ्या यार्डाकडून घेऊन आतलं काम स्वतः करणार (सुतारकाम येतं, वायरिंग थोडंफार, प्लंबिंग शिकतोय). आराखडा मीच काढलाय, तो असा:

लांबी २१.५ मीटर, रुंदी ४.२०, ड्राफ्ट (पाण्याखाली बुडणारा भाग) ०.८५. पुढे बैठक आणि स्वयंपाकघर, मध्ये पाहुण्यांची खोली, मागे व्हीलहाउस (बोट चालवायची केबिन) आणि त्याच्या खाली आमची झोपायची खोली. त्यामुळे व्हीलहाउस उंच झालंय, पाण्यापासून छतापर्यंत ३.४५ मीटर. फ्रान्समध्ये पुलाखालची उंची ३.५० धरतात असं वाचलं, म्हणजे ५ सेंटीमीटर शिल्लक.

स्वयंपाकघरावर सगळ्यात जास्त वेळ गेलाय. हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने पूर्ण मापाचा नकाशा आखलाय. बायको रोज त्यातून चहाचा ट्रे घेऊन चालून बघते आणि कुठे कोपर लागतं ते सांगते.

प्रश्न: १) लांबी ठीक आहे का? २) इंजिन किती हॉर्सपॉवरचं? ३) गॅस की इंडक्शन? ४) हल गोव्यात बांधून आणला तर स्वस्त पडेल का? (हसू नका.)

शंकासुर

हसलो. हौसेला मोल नाही हे खरं, पण दर वर्षी चार महिने बोट भाड्याने घेतली तरी तुमचे निम्मे पैसे वाचतील.

पाणवठा

शंकासुर, तो हिशेब घरी मांडून झालाय. मीच हरलोय. तरीही बांधायची आहे.

संथ_वाहते

पाणवठा, तुमच्यासारखीच बोट मी बांधून घेतली, सात उन्हाळे झाले. तुमचा आराखडा म्हणजे आधी कळस मग पाया. राग मानू नका, माझाही पहिला आराखडा अस्साच होता.

ते ३.५० कुठून आलं ते आधी सांगतो. १८७९ साली फ्रेसिने नावाच्या मंत्र्याने फ्रान्सभरच्या कालव्यांना एक माप लावलं. लॉक (दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, ज्यात पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करतात) ३९ मीटर लांब, ५.२० रुंद. त्या मापाची मालवाहू बोट म्हणजे पेनिश, ३८.५० बाय ५.०५. तिच्यासाठी पुलाखाली साडेतीन मीटर. आकडा खरा आहे, पण तो त्या मापाला आणलेल्या कालव्यांचा. तुम्हाला जिथे जायचंय ते बरेचसे पाणी त्या मापात बसत नाही.

बरगंडीच्या कालव्यावर १८९ लॉक आहेत आणि माथ्यावर पुयीचा ३३३३ मीटर लांब बोगदा. तिथे हिशेबात ३.१० धरून चाला. निव्हर्ने कालव्याच्या मधल्या भागात २.७०. तोच सगळ्यात देखणा, आणि तिथे तुमचं व्हीलहाउस पाऊण मीटरने अडकतंय. मिदी तर त्याहून जुना. तो बांधणाऱ्या रिकेने १६६६ साली काम काढलं, कालवा खुला झाला १६८१ला, बिचारा स्वतः १६८०लाच गेला. तिथले दगडी पूल कमानीचे आहेत. कमानीच्या मध्यावर ३.३०च्या आसपास मिळतात, पण कडेला, कमानीच्या खांद्याशी, २.४०. काप्स्तां गावचा पूल त्यात बदनाम.

म्हणजे एकट्या उंचीला अर्थ नाही. कुठल्या रुंदीला किती उंची, ते बघायचं. तीन मीटर रुंद सपाट छताचं व्हीलहाउस ३.३०च्या आत आणलंत तरी त्याचे दोन्ही वरचे कोपरे दगडाला घासणार. हे मी पुलाखाली उभा राहून बघितलंय. समोरच्या बोटीचा माणूस एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने छताचा कोपरा चाचपत होता, जसा काही त्याने हात लावल्यावर पूल सरकणार होता.

सोपा उपाय सांगतो. जाड पुठ्ठा घ्या. एकास वीस प्रमाणात कमान कापा, मध्ये १६.५ सेंटीमीटर, कडेला १२. बोटीचा समोरून दिसणारा आडवा छेद त्याच प्रमाणात दुसऱ्या पुठ्ठ्यावर कापा. तो कमानीतून आरपार गेला पाहिजे, दोन्ही बाजूंना बोटभर मोकळं ठेवून. कारण प्रत्यक्षात तुम्ही नेमके मधोमध नसता, वाऱ्याने फूटभर ढकललेले असता. तो पुठ्ठा गेल्याशिवाय स्वयंपाकघराकडे बघूही नका.

पाणवठा

बाप रे. ३.५० हा आकडा सगळीकडे एकच असेल असं धरून चाललो होतो. पण मग झोपायची खोली कुठे नेऊ?

संथ_वाहते

पुढे न्या. व्हीलहाउसखाली इंजिन टाका. खोलीला डोक्यावर दोन मीटर लागतात, इंजिनाला सव्वा मीटर पुरतो. तुमच्या ०.८५ ड्राफ्टवर हिशेब करा. खोली खाली असेल तर व्हीलहाउसची जमीन पाण्यापासून जवळपास १.४० वर जाते, इंजिन असेल तर ०.४५ वर. छत आपसूक २.५०ला आलं. आणि व्हीलहाउस घडीचं करा: काचा बिजागरीवर आत पडतात, छत दोन तुकड्यांत उतरतं. माझं सगळं उतरवल्यावर १.९० भरतं. दोघांनी मिळून १५ मिनिटं. पहिल्या वर्षी ४० लागत होती आणि संसार मोडायची वेळ आली होती.

आता लांबी. २१.५० हे सर्वांत महाग माप निवडलंत. युरोपीय नियमांत २० मीटर ही रेघ आहे. २० किंवा जास्त लांबी, किंवा लांबी गुणिले रुंदी गुणिले ड्राफ्ट १०० घनमीटर किंवा जास्त, यातलं काहीही झालं की बोट अंतर्देशीय जहाजांच्या तांत्रिक नियमांखाली जाते: तपासणी, प्रमाणपत्र, ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासणी. त्याच्या आत राहिलात तर फक्त हौशी बोटींचा नियम, सीई मार्कवाला (युरोपीय नियमांत बसते याची खूण). म्हणून बहुतेक जण १९.९० वर थांबतात. तुमचे १९.९० गुणिले ४.२० गुणिले ०.८५ म्हणजे ७१, निवांत. दीड मीटर गेला तो पाहुण्यांच्या खोलीतून कापा. पाहुणे वर्षातून किती दिवस येणार?

लीड्सवाली

पाहुणे एकदा येतात आणि पुढची चार वर्षं "पुन्हा कधी बोलावताय" विचारतात. खोली छोटीच ठेवा. :)

मी इंग्लंडात नॅरोबोटवर (अरुंद कालव्यांसाठीची चिंचोळी बोट) राहते, नवरा, मी आणि मांजर. आमची रुंदी २.०८ मीटर, म्हणजे एसटीच्या गाडीपेक्षाही कमी. कारण इथले अरुंद लॉक २.१३चे. तुमची ४.२० इकडे मध्य इंग्लंडात शिरणार नाही, ते स्वप्न असेल तर आत्ताच सोडा. बाकी ब्रेक्झिटनंतर आम्हाला तिकडे १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. तुम्हाला ती कटकट नाही याचा हेवा वाटतो.

गॅस की इंडक्शन, यावर मी बोलू शकते. गॅसची अडचण स्फोटाची कमी, सिलिंडरची जास्त. देश बदलला की सिलिंडर बदलतो, त्याचं तोंड बदलतं, रेग्युलेटर बदलतो. आम्ही तीन वर्षांपूर्वी गॅस काढून टाकला. लिथियम बॅटऱ्या, छतावर २ किलोवॅटचे पॅनल. जूनमध्ये रोज ७-८ युनिट येतात. दोन वेळचा वरणभात, भाजी, पोळ्या धरून माझा स्वयंपाक दिवसाला दोन-अडीच युनिटात होतो. कुकर इंडक्शनवर फार कमी खातो. पोळ्या खातात. तवा सतत तापता ठेवावा लागतो ना. डिसेंबरात मात्र दिवसाला जेमतेम एक युनिट. तुम्ही थंडीत घरी जाणार, तेव्हा इंडक्शनच घ्या. फुलके फुगवायची आच हवी असेल तर डेकवर एक छोटा कॅम्पिंगचा बर्नर, तोही वारा नसताना.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. शेगडी असो, डिझेल हीटर असो. विसरू नका. याबाबत मी मस्करी करत नाही.

मांडवीकाठ

गोव्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. बार्ज (सपाट बुडाच्या मालवाहू बोटी) दुरुस्ती आणि बांधणीत २६ वर्षं काढली, आता घरी बसून धागे वाचतो.

पाणवठा, हल इथे बांधता येईल. खनिजाच्या बार्जी बांधणाऱ्यांना १९.९० मीटर म्हणजे खेळणं. पण आणणार कसा? ४.२० रुंद बोट कंटेनरात मावत नाही, जहाजाच्या डेकवर उघडा माल म्हणून जाईल. त्याचं भाडं, तिकडची जकात, व्हॅट, आणि वर सीईची कागदपत्रं. बाहेरून आणली की आयात करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर, ती जबाबदारी. मजुरीत वाचवलेलं सगळं समुद्रात जाईल. तिथेच बांधा. शिवाय दर पंधरा दिवसांनी यार्डात जाऊन उभं राहता आलं पाहिजे. बार्ज फोनवर बांधता येत नाही.

यार्डात गेलात की काय बघायचं ते सांगतो.

पत्र्याची जाडी सगळे विचारतात. तळ १०, बाजू ६, कॅबिन ४ मिलिमीटर हे तिकडे रुळलेलं आहे, चांगलं आहे. पण मी आधी वेल्डिंगचा क्रम बघेन. एका टोकाकडून सलग वेल्ड मारत गेला की पत्रा ताणतो आणि दोन फ्रेमच्या (आतल्या पोलादी बरगड्यांच्या) मध्ये पोटात जातो. हाडकुळ्या घोड्याच्या बरगड्या दिसतात तशा फ्रेम बाहेरून दिसायला लागतात. चांगला वेल्डर थोडं इथे, थोडं समोरच्या बाजूला, मग पुन्हा इथे, असं उडत्या क्रमाने मारतो. संध्याकाळी, ऊन तिरकं असताना, बोटीच्या बाजूने डोळा पत्र्याला लावून बघा. दुपारी काहीच दिसत नाही.

दुसरं, रंगाआधी ब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा मारा करून पत्रा साफ करणं) झालंय का. गिरणीतून आलेल्या पत्र्यावर निळसर काळी खपली असते. ती न काढता वर इपॉक्सी मारला तर रंग त्या खपलीसकट निघतो, आणि जिथे निघतो तिथे खड्डा पडतो.

तिसरं, अॅनोड, म्हणजे पोलादाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे. तुमचं पाणी गोडं, तर मॅग्नेशियमचे. झिंकचे खाऱ्या पाण्यात चालतात, गोड्यात झोपून राहतात. आणि मरीनात किनाऱ्यावरची वीज जोडणार असाल तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. नाहीतर अर्थच्या तारेतून शेजारच्या बोटीशी तुमची बोट जोडली जाते आणि शेजाऱ्याचं गंजणं तुमच्या वाट्याला येतं.

चौथं वजन. ते उद्या लिहितो, जेवायला हाक आली.

शंकासुर

काका, मासे काय आहेत?

मांडवीकाठ

बांगडे.

संथ_वाहते

वजनाचं काका लिहितीलच. तोवर माझी फजिती सांगतो, तिच्यातून कळेल.

हल पाण्यात उतरवला तेव्हा सपाट तरंगत होता, लेव्हलच्या पट्टीतला बुडबुडा मधोमध. मग मी आतलं काम केलं. १५०० लिटरची पाण्याची टाकी डाव्या भिंतीला, कारण तिथे जागा होती. स्वयंपाकघरही डावीकडे, दगडी ओट्यासकट. ओव्हन, फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळं डावीकडे, कारण नळ तिकडे होते. टाकी भरली आणि बोट तीन अंश झुकली. तीन अंश ऐकायला काहीच नाही. ओट्यावर लिंबू ठेवलं की घरंगळत जाऊन सिंकमध्ये पडायचं. दारं आपोआप उघडायची. शॉवरचं पाणी जाळीच्या उलट कोपऱ्यात. बायको पलंगाच्या वरच्या कडेला झोपायची आणि पहाटेपर्यंत माझ्या अंगावर यायची, याचा लग्नाच्या चोविसाव्या वर्षी आनंद मानावा की काय ते कळेना.

उजवीकडे जमिनीखाली फुटपाथच्या सिमेंटच्या फरश्या भरल्या, दीड टनाच्या वर. तेव्हा लिंबू थांबलं. पण टाकी रिकामी झाली की आता उलटं लोळतं. पाण्याची टाकी मधल्या रेषेवरच हवी. हे यार्डाने मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

मांडवीकाठ

जेवण झालं. संथ_वाहते यांनी निम्मं काम केलं.

पाणवठा, तुमच्या बोटीचा पाण्याच्या रेषेवरचा छेद धरा ७३ चौरस मीटर. म्हणजे एक सेंटीमीटर बुडायला पाऊण टन लागतो. याचे दोन अर्थ. एक, चार माणसं चढली तर बोटीला कळणारही नाही. दोन, पूल बुटका आहे म्हणून बोट १० सेंटीमीटर खाली बसवायची म्हटली तर सात टन भरावे लागतील. वजन घालून उंचीची चूक सुधारत नाही. ती कागदावरच सुधारते.

एक वही करा. आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन, मधल्या रेषेपासून डावी-उजवीकडे किती, मध्यापासून पुढे-मागे किती, जमिनीपासून किती उंच. पलंग, कपाट, बॅटऱ्या, डिझेल, पुस्तकं, सगळं. डावीकडचे गुणाकार आणि उजवीकडचे गुणाकार सारखे आले पाहिजेत, टाक्या भरलेल्या असताना आणि रिकाम्या असतानाही. बार्जीत खनिज भरताना हेच करतात, फक्त तिथे चूक झाली तर लिंबू नाही, माणसं घसरतात.

बॅलास्ट, म्हणजे तोल साधायला भरायचं वजन, सगळ्यात शेवटी.

पाणवठा

काका, वही आजच घेतली. शंभर पानी.

इंजिनाचं कुणी बोललं नाही अजून.

संथ_वाहते

कालव्यात इंजिन झोपा काढतं. मिदीवर मर्यादा ताशी ८ किलोमीटरची. उथळ, अरुंद पाण्यात जास्त रेटलंत तर बोट वेग घेतच नाही, मागून खाली बसते आणि लाट काठावरची माती ओढून नेते. त्याला २०-२५ हॉर्सपॉवर पुष्कळ. पण नेदरलँड्सहून मिदीला आतल्या वाटेने जायचं तर सोन आणि मग ऱ्होन उतरावी लागते, आणि परत यायचं तर ऱ्होन चढावी लागते. तिथे प्रवाह आहे, शेजारून शंभर मीटर लांबीची जहाजं जातात, आणि बॉलेनचं लॉक २२-२३ मीटर खोल आहे, विहिरीत उतरल्यासारखं. त्या काही दिवसांसाठी १०० ते १२०चं इंजिन घ्या. पाण्याखालचा पंखा मोठा, सावकाश फिरणारा. आणि थंड करायला बाहेरचं पाणी आत घेऊ नका, हलला आतून टाकी वेल्ड करून त्यातून पाणी फिरवा. शेवाळ आणि झाडांची पानं फिल्टरमध्ये अडकायचा प्रश्नच राहत नाही.

रविवारची_भटकंती

मी बांधलेली नाही, एकदाच आठवडाभर भाड्याने चालवली, त्यामुळे उंटावरचा शहाणा समजा. पण एक धोक्याची गोष्ट कुणी लिहिली नाही. लॉकमध्ये खाली उतरताना मागच्या दाराशी पाण्याखाली एक दगडी उंबरा असतो. पाणी उतरतं, उंबरा उघडा पडतो, आणि बोट मागे सरकलेली असेल तर तिचं बूड त्यावर अडकतं. पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातच राहतो. आम्ही अडकलो नाही, पण सुकाणू उंबऱ्यापासून हातभर राहिलं होतं आणि आमचे तिघेजण पुढे सेल्फी काढत होते. आणि दोर खांबाला गाठ मारून बांधायचा नाही, वेढा देऊन हातात धरायचा, पाणी उतरेल तसा सोडत जायचा.

लीड्सवाली

हे फार महत्त्वाचं. +१

आणखी एक. थंडी अडवणारा फोम हलला आतून सगळीकडे फवारून घ्या, पाच सेंटीमीटर तरी, खिडक्यांच्या चौकटीपर्यंत. पोलाद थंड, श्वास ओला. पहिल्या जानेवारीत मी गादी उचलली तर खालची बाजू पूर्ण काळी, बुरशीने. गादीखाली फळी नको, पट्ट्या हव्यात, हवा खेळायला.

संथ_वाहते

कागदपत्रांचं थोडक्यात. स्वतःच्या वापरासाठी स्वतः बांधलेल्या बोटीला सीई मार्कातून सूट आहे, पण पाण्यात उतरल्यापासून पाच वर्षं विकता येत नाही. यार्ड अर्धवट हल देणार असेल तर त्याच्याकडून अर्धवट बांधणीचं घोषणापत्र लेखी घ्या. मी पुढे मूल्यांकन करून घेतलं, विमावाल्यांशी बोलणं सोपं गेलं. तुमच्याकडे नेदरलँड्समध्ये १५ मीटरच्या वर क्लाइन फारबेवाइस (बोट चालवायचा परवाना) लागतंच. त्याच्या परीक्षेचा दुसरा भागही द्या म्हणजे मोठी पाणीही मोकळी. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) बसवलात तर त्याची परीक्षा वेगळी.

आणि दुष्काळ. २०२२च्या उन्हाळ्यात फ्रान्समधले बरेच कालवे पाण्याअभावी बंद केले होते. बरगंडीत अडकून पडायची तयारी ठेवा. वाईट जागा नाही अडकायला.

पाणवठा

दोन आठवड्यांनी लिहितोय.

पुठ्ठा कापला. जुना आराखडा कमानीत घातला तर आत शिरलाच नाही, वरचे दोन्ही कोपरे दुमडले. बायकोने तो दुमडलेला पुठ्ठा फ्रिजवर चिकटवलाय. नवीन आराखडा: १९.९०, इंजिन व्हीलहाउसखाली, घडीचं छत, कॅबिनच्या भिंती वर जाताना आत झुकलेल्या, पाण्याची टाकी पुढे, नाळेकडे, मधल्या रेषेवर. आता पुठ्ठा आरपार जातो, दोन्ही बाजूंना बोटभर मोकळं ठेवून. पाहुण्यांची खोली गेली, बैठकीतला सोफाच उघडून पलंग होईल. हॉलमधली चिकटपट्टी काढून नवीन लावली. यार्डाकडे जायच्या आधी एका नेव्हल आर्किटेक्टकडून स्थिरतेचा हिशेब तपासून घेणार आहे.

वहीत आत्तापर्यंत १४३ वस्तू झाल्या. एका वस्तूवर वाद चालू आहे. सौ. म्हणतात घरघंटी बोटीवर येणार म्हणजे येणारच, फ्रान्समध्ये ज्वारीचं पीठ मिळणार नाही. ४२ किलो. कुठे ठेवू?

मांडवीकाठ

बॅटऱ्या कुठल्या बाजूला आहेत?

पाणवठा

उजवीकडे.

मांडवीकाठ

मग घरघंटी डावीकडे, जमिनीलगत, भिंतीला पट्ट्याने बांधून. ज्वारीचं पोतं वेगळं लिहा. ते कमी होत जातं.